बारा दिवसांत फरक पडला नाही म्हणून गोळ्या बंद केल्या

प्रश्न: माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी त्याने नोकरी सोडली. तेव्हापासून दिवसभर पडून असतो, तीन-तीन दिवस आंघोळ करत नाही, काही विचारलं की अंगावर येतो. मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशन सांगून दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. बारा दिवस घेतल्या, मळमळ झाली, फरक काहीच नाही, म्हणून त्याने मोठी गोळी सोडली. रात्रीची छोटी गोळी मात्र घेतो, ती लागू पडते म्हणतो. वडील म्हणतात हा आळस आहे. काकांचं म्हणणं, या गोळ्यांची सवय लागते. हा खरंच आजार आहे का? गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का? नुसत्या समुपदेशनाने भागणार नाही का? आणि घरच्यांनी काय करायचं?

उत्तर: ताई, आधी एक काम करा, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. आज भावाला एकट्याला गाठा आणि सरळ विचारा: "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वागवलेली गोष्ट कुणीतरी नाव घेऊन विचारली, याने बहुतेकांना हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर रडारड नको, शपथा घालणं नको, "आमचा विचार नाही का केलास" हे तर अजिबात नको. शांतपणे पुढचं विचारा: असं किती वेळा वाटतं? काही ठरवलं आहे का? ठरवलं आहे अशी नुसती शंका आली तरी त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि इतर धोक्याच्या वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. अशा वेळी पुढची तारीख मिळण्याची वाट पाहायची नसते.

आता वडिलांचा मुद्दा, कारण घरात तोच सगळ्यात जास्त बोलला जात असणार. आळस आणि डिप्रेशन यांतला फरक ओळखायला मी एक साधा प्रश्न विचारतो: "तुम्हाला मनापासून आवडणारी गोष्ट कोणती, आणि ती शेवटची कधी केलीत?" आळशी माणसाला कामाचा कंटाळा असतो, मौजेचा नसतो. फिरायला चल म्हटलं की तो टुणकन उठतो. डिप्रेशनमध्ये काम जातं आणि त्याच्याबरोबर मौजही जाते. एक मुलगा माझ्याकडे आला होता, बुद्धिबळाचा वेडा. रोज रात्री मोबाइलवर दोन-दोन तास डाव मांडायचा. मला म्हणाला, "अजूनही पट उघडतो. समोरचा चाल करतो. मग वाटतं, बरं, पुढे काय?" आणि तो मोबाइल उलटा करून ठेवायचा. त्याला ना काम करायचं होतं, ना खेळायचं. याला आळस कसं म्हणणार?

निदानाचा नियम थोडक्यात सांगतो. नऊ लक्षणांची एक यादी आहे. मन सतत उदास असणं, कशातच रस न वाटणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाल आणि बोलणं संथ होणं किंवा उलट सारखी अस्वस्थता, स्वतःला नालायक किंवा अपराधी समजणं, लक्ष न लागणं, आणि मरणाचे विचार. यांतली किमान पाच लक्षणं, सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, आणि त्या पाचांत पहिल्या दोनांपैकी एक तरी हवंच. शिवाय त्यामुळे रोजचं जगणं अडलेलं असलं पाहिजे. कागदावर हे कोरडं वाटतं. समोर बसलेला माणूस अशा शब्दांत बोलत नाही. तो म्हणतो, "डोकं जड आहे", "हातपाय गळाल्यासारखे वाटतात", "पहाटे तीनला टक्क जाग येते आणि मग नको नको ते आठवतं". पुष्कळांची सकाळ सर्वांत वाईट जाते आणि संध्याकाळी थोडं बरं वाटतं. घरचे नेमका याचाच चुकीचा अर्थ लावतात: "सकाळी उठवत नाही, आणि संध्याकाळी बरा बोलतो की! नाटकं आहेत." तरुण मुलांमध्ये रडण्यापेक्षा चिडचिड पुढे येते. तुमचा भाऊ अंगावर येतो, याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही.

नोकरी सुटली म्हणून हे झालं, की हे होऊ लागलं म्हणून नोकरी सुटली, हेही एकदा नीट तपासा. नोकरी सोडण्याच्या आधीचे दोन-तीन महिने आठवा. उशिरा पोहोचणं, साध्या चुका, एक ईमेल लिहायला अर्धा तास, मित्रांचे फोन न उचलणं. बरेचदा राजीनामा हे आजाराचं कारण नसून आजाराचंच काम असतं, आणि घरात सगळं बोलणं त्या राजीनाम्यावरच अडून बसतं. म्हणूनच मी रुग्णांना सांगतो की डिप्रेशन भरात असताना नोकरी सोडणं, लग्न मोडणं, घर विकणं असले निर्णय शक्यतो पुढे ढकला. त्या दिवसांतल्या डोक्याला सगळे रस्ते बंदच दिसतात.

औषध पुन्हा चालू होण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्या. पहिली, रक्ताची तपासणी झाली आहे का. थायरॉइड कमी पडणं, रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं, बी-१२ची कमतरता यांमुळे डिप्रेशनसारखं चित्र उभं राहू शकतं, किंवा असलेलं डिप्रेशन हटता हटत नाही. दारू किंवा दुसरं काही घेत असेल तर ते लपवू नका, डॉक्टर रागावण्यासाठी विचारत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. याच्या अगदी उलटे दिवस त्याच्या आयुष्यात कधी येऊन गेलेत का? चार-पाच दिवस किंवा त्याहून जास्त, झोप जेमतेम तीन तास आणि तरी थकवा नाही, तोंडाची टकळी बंद नाही, डोक्यात दहा योजना, हात सैल सोडून खर्च, उगाच भांडणं. असं कधी झालं असेल, किंवा आई-वडील, भावंडं यांच्यात कुणाला होत असेल, तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. तो बायपोलर आजार असू शकतो. त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस एकदम दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो, आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत. ही माहिती रुग्ण स्वतः सहसा देत नाही. त्याला ते दिवस आजाराचे वाटतच नाहीत, आयुष्यातले सर्वांत छान दिवस वाटतात. ते घरच्यांनाच सांगावं लागतं.

हा आजार होतो कशाने? 'मेंदूतलं सेरोटोनिन कमी होतं, गोळी ते भरून काढते' हे स्पष्टीकरण आम्ही डॉक्टर मंडळींनीच वर्षानुवर्षं वाटलं आहे. सांगायला सोपं, ऐकणाऱ्याला पटणारं. पण ते अपुरं आहे. २०२२मध्ये या विषयावरच्या आजवरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला आणि डिप्रेशन असलेल्यांच्या मेंदूत सेरोटोनिन कमी असतं याचा सातत्याने पुरावा मिळत नाही, असं त्यात निघालं. त्यावरून काही जणांनी 'मग गोळ्या खोट्याच' असा निष्कर्ष काढला, तोही उतावळा. तापात पॅरासिटॅमॉल लागू पडतं म्हणून ताप पॅरासिटॅमॉलच्या कमतरतेने येतो असं कुणी म्हणत नाही. औषध चालतं का आणि ते का चालतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ही औषधं मुळात कुठल्या सिद्धान्तातून आलीच नाहीत, ती अपघाताने सापडली. १९५०च्या दशकात क्षयरोगासाठी दिलेल्या इप्रोनियाझिडने काही रुग्णांची मनःस्थिती उजळलेली दिसली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून हे डॉक्टर स्किझोफ्रेनियावर चालेल म्हणून इमिप्रामिन वापरून पाहत होते. त्या आजारावर ते चाललं नाही, पण खचलेल्या, उदास रुग्णांना त्याने बरं वाटू लागलं. कून यांनी ते १९५७मध्ये प्रसिद्ध केलं. का चाललं, याची सिद्धान्तं मागाहून जुळवली गेली. आज एवढं म्हणता येतं की काही प्रमाणात आनुवंशिक कल, लहानपणापासूनचे अनुभव, शरीराचे आजार, सध्याचे ताण आणि एकटेपणा हे सगळं मिळून हा आजार घडवतं. एका माणसात यातलं काय किती, हे मोजायची तपासणी अजून नाही.

आता बारा दिवसांच्या गोळीबद्दल, कारण सगळी मेख इथेच आहे.

मोठी गोळी म्हणजे बहुधा एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांच्या कुळातली असणार. छोटी गोळी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी. डॉक्टरांचा कागद बघून खात्री करा. या दोन्ही गोळ्या एकाच पुडीतून घरी येतात, पण त्यांचे स्वभाव उलटे आहेत. छोटी गोळी तासाभरात काम करते, झोप लागते, धडधड थांबते. म्हणून ती 'लागू पडते'. मोठी गोळी पहिल्या दिवसापासून फक्त त्रास देते. मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, थोडी बेचैनी. आणि फायदा? थोडीशी हालचाल बऱ्याच जणांत पहिल्या दोन आठवड्यांत दिसते, पण सांगण्याजोगा परिणाम यायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी आठ. म्हणजे घेणाऱ्याच्या दृष्टीने हा व्यवहार असा की त्रास रोख आणि फायदा उधार. त्यात माणूस आधीच हताश. तो बाराव्या दिवशी मोठी सोडतो आणि छोटी धरून ठेवतो. तुमच्या भावाने जे केलं ते मी इतक्या जणांत पाहिलं आहे, की आता पहिल्याच भेटीत दोन्ही गोळ्या टेबलावर शेजारी ठेवून सांगतो: ही पाहुणी आहे, दोन-चार आठवड्यांत हिला परत पाठवायचं आहे; आणि ही मुक्कामाला आली आहे, सुरुवातीला नखरे करेल.

काकांची भीती त्यामुळे पूर्ण खोटी नाही, फक्त तिने चुकीची गोळी धरली आहे. सवय लागते ती छोट्या गोळीची. महिनोन्‌महिने घेतली तर तीच मात्रा पुरेनाशी होते आणि सोडताना झोप उडते, घाबरं होतं. जास्त दिवस घेतलेली असेल तर एकदम थांबवणं धोक्याचंही ठरू शकतं. तेव्हा ती घरच्या घरी हिसकावून घेऊ नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा. मोठ्या गोळीची तलफ येत नाही, मात्रा वाढवत जावंसं वाटत नाही, ती घेऊन नशा होत नाही. मात्र शरीराला तिची ओळख होते. काही महिने घेऊन एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हे जास्त, फ्लुओक्सेटिनमध्ये कमी, कारण ते शरीरातून फार सावकाश निघून जातं. म्हणून सोडायची ती पायरी-पायरीने, काही आठवडे, कधी काही महिने घेऊन. 'काहीच त्रास होत नाही' असं पूर्वी आम्ही सरसकट सांगायचो. ते चुकीचं होतं.

दुष्परिणामांपैकी एक असा आहे की तो रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. तो म्हणजे लैंगिक इच्छा कमी होणं किंवा सुख उशिरा मिळणं. तरुण माणूस न बोलता गोळी सोडतो, त्यामागे पुष्कळदा हे असतं. बहिणीने हे विचारणं अवघड आहे, मान्य. पण "डॉक्टरांशी काहीही बोललास तरी चालतं, आम्ही बाहेर थांबतो" एवढं म्हटलंत तरी पुरे. औषध बदलता येतं, मात्रा कमी करता येते. मळमळ बहुतेकांची आठवडा-दहा दिवसांत ओसरते. गोळी पोट भरल्यावर घेतली आणि अर्ध्या मात्रेने सुरुवात केली तर आणखी सोपं जातं. तुमच्या भावाने ती नेमकी मळमळ संपत आली असताना सोडली, याची चुटपुट वाटते.

एक सावधगिरी त्याच्या वयामुळे. पंचविशीच्या आतल्यांमध्ये ही औषधं चालू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार थोडे वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४मध्ये मुलांसाठी तसा ठळक इशारा द्यायला लावला आणि २००७मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. याचा अर्थ औषध द्यायचंच नाही असा नाही. उपचार न केलेलं डिप्रेशन स्वतःच मोठा धोका आहे. पण पहिला महिनाभर घरच्यांचं लक्ष हवं, डॉक्टरांची भेट दर आठवड्या-दोन आठवड्यांनी हवी. अचानक बेचैनी, सारख्या येरझाऱ्या, झोप अजिबात न येणं असं दिसलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

माझ्या अनुभवात सुधारणेला एक क्रम असतो. आधी झोप सुधारते. मग भूक. मग हालचाल: स्वतःहून दाढी करणं, खोलीची खिडकी उघडणं, फोन उचलणं. त्यानंतर मन हलकं होतं. आत्मविश्वास आणि 'पुढे काही चांगलं होईल' ही आशा सर्वांत शेवटी येते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रुग्णाला विचारलं की तो म्हणतो, "काही फरक नाही." खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटतं. शेजारी बसलेली बायको किंवा बहीण मात्र म्हणते, "परवा हा आपणहून माझ्याशी बोलला." मी तिचं ऐकतो. एका बाईंच्या नवऱ्याने मला सांगितलं होतं, "भांडी लावताना गुणगुणत होती, तिच्या लक्षातही नव्हतं." त्या बाई त्याच भेटीत मला गोळ्या बदलून मागत होत्या. तुम्हीही एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: किती तास झोपला, किती जेवला, आपणहून काय केलं. बाराव्या दिवशी मनाला विचारून निर्णय घेण्यापेक्षा ही वही बरी. याच क्रमात धोक्याचीही एक जागा आहे. हातापायांत बळ आलेलं असतं आणि आशा अजून आलेली नसते. घरचे निर्धास्त होतात तो नेमका हाच काळ, म्हणून सुरुवातीला सांगितलेला प्रश्न एकदा विचारून सोडून देऊ नका.

औषधांकडून अपेक्षा किती ठेवावी, याचे आकडे ऐका. २०१८मध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, एक लाखाहून जास्त रुग्णांचा. सर्वच औषधं खोट्या गोळीपेक्षा, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली, पण फरक सरासरीने माफक होता. ढोबळ हिशेबात, सहा-आठ आठवड्यांनी औषध घेणाऱ्या शंभरातल्या चाळीस ते साठ जणांना चांगला उतार पडतो, आणि खोटी गोळी घेणाऱ्या शंभरात वीस ते चाळीस जणांना. आजार जितका तीव्र, तितका औषधाचा फायदा जास्त ठळक. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००६मध्ये निष्कर्ष आलेल्या स्टार-डी अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण एक तृतीयांश निघाले. पुढची औषधं बदलत गेल्यावर एकूण किती जण बरे झाले, त्या आकड्यावर पुढे बराच वाद झाला, म्हणून मी तो वापरत नाही. पण पहिला आकडा मी प्रत्येकाला सांगतो. पहिली गोळी पुरी नाही पडली तर ते तुमचं अपयश नाही, डॉक्टरांचंही नाही. मात्रा वाढवायची, नाहीतर औषध बदलायचं, नाहीतर दुसरं जोडायचं. फक्त एक अट आहे: पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे दिलेलं असलं पाहिजे. बारा दिवसांना औषध देऊन पाहिलं असं म्हणत नाहीत. त्याला ते औषध लागू पडत नाही, असं तुम्ही अजून म्हणू शकत नाही.

जन्मभर? पहिलाच झटका असेल तर सहसा नाही. पण इथे दुसरी घाई होते, आणि ती पहिलीपेक्षा जास्त फसवी. तिसऱ्या महिन्यात माणूस हसू-बोलू लागतो आणि घरातलंच कुणीतरी म्हणतं, "आता बरा आहेस ना, मग कशाला गोळ्या?" पूर्ण बरं वाटू लागल्यानंतर, म्हणजे गोळी सुरू केल्यापासून नाही, आणखी किमान सहा ते नऊ महिने त्याच मात्रेवर राहायचं असतं. त्याआधी सोडली तर आजार उलटण्याची शक्यता खूप वाढते. एकदा डिप्रेशन होऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुढे आयुष्यात कधीतरी ते परत होतं. दोन-तीनदा झालं असेल तर औषध दोन वर्षं किंवा जास्त चालू ठेवायचं का, याची चर्चा करावी लागते.

समुपदेशनाबद्दल तुमचा प्रश्न रास्त आहे, फक्त तो शब्द फार पसरट आहे. धीर देणं, समजूत घालणं वेगळं आणि मानसोपचार वेगळा. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं दुरुस्त करत जाण्याची पद्धत, सर्वांत जास्त तपासली गेलेली आहे. साधारण बारा ते वीस भेटी, दर वेळी घरी करायचा अभ्यास, ठरलेलं लक्ष्य. सौम्य आणि मध्यम डिप्रेशनमध्ये ती औषधाच्या तोडीची ठरते. बरं झाल्यावर पुन्हा आजार उलटू नये यासाठी तिचा उपयोग पुढेही टिकतो. तीव्र आजारात मात्र माणूस बोलायच्याच अवस्थेत नसतो. तिथे औषध आणि मानसोपचार दोन्ही, आणि बहुधा औषध आधी. तुमचा भाऊ चार महिने घरात आहे, तीन-तीन दिवस आंघोळ नाही. त्याला न तपासता सांगणं बरोबर नाही, पण ऐकून तरी मी नुसत्या बोलण्यावर विसंबणार नाही.

सीबीटीतला एक तुकडा मात्र आजपासून घरी करण्यासारखा आहे. १९९६मध्ये एका अभ्यासात असं दिसलं, की विचार दुरुस्त करण्याचा भाग बाजूला ठेवला आणि रुग्णाला फक्त ठरवून हालचाल करायला लावली, तरी फायदा जवळजवळ पूर्ण पद्धतीइतकाच होतो. डिप्रेशनमध्ये माणूस म्हणतो, वाटलं की करेन. इथे ते उलटवायचं: आधी करायचं, वाटणं मागून येईल. पण काम हास्यास्पद वाटेल इतकं लहान हवं. माझ्याकडच्या एका तरुणाचा पहिल्या आठवड्याचा कागद मला आठवतो. त्याने उत्साहात लिहून आणलं होतं: रोज सहाला उठणं, तासभर व्यायाम, बायोडेटा तयार करणं. मी तिन्ही खोडलं आणि लिहिलं: सकाळी दात घासून परत झोपलं तरी चालेल. तो हसला. पुढच्या भेटीत सातपैकी चार दिवसांवर खूण होती. उरलेल्या तीन दिवसांपुढे त्याने लिहिलं होतं, "बाथरूमच्या दारापर्यंत गेलो." आम्ही तेही धरलं. दुसऱ्या आठवड्यात दात घासून दहा मिनिटं उजेडात बसणं, तिसऱ्यात घराबाहेर कोपऱ्यापर्यंत. बायोडेटा नवव्या आठवड्यात आला. व्यायामाचाही सौम्य-मध्यम डिप्रेशनमध्ये चांगला उपयोग होतो, पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला 'रोज धावत जा' सांगणं म्हणजे त्याच्या अपयशाच्या यादीत एक भर घालणं.

विजेच्या उपचाराचं, म्हणजे शॉक ट्रीटमेंटचं, नाव घरात कुणी घेतलं तर घाबरू नका. तुमच्या भावाला आज त्याची गरज दिसत नाही. १९३८मध्ये रोममध्ये सुरू झालेला हा उपचार आता भूल देऊन आणि स्नायू सैल करून दिला जातो. माणूस खाणंपिणं सोडतो, भ्रम होऊ लागतात किंवा जिवाचा धोका असतो, तिथे याच्याइतका लवकर आणि इतका खात्रीने काम करणारा उपचार दुसरा नाही. त्या दिवसांच्या आठवणी पुसट होतात, हा त्याचा खरा तोटा. चुंबकीय लहरींचा उपचार आणि केटामिनच्या कुळातला नाकात मारायचा फवारा या त्यानंतरच्या गोष्टी आहेत. दोन-तीन औषधं नीट देऊनही उतार पडला नाही, की मग त्यांचा विचार.

घरात काय बोलायचं? 'सकारात्मक विचार कर', 'तुला कशाची कमी आहे', 'लोकांची दुःखं बघ' ही तीन वाक्यं बंद करा. त्यांनी त्याच्या मनात आधीच असलेला 'मी नालायक आहे' हा समज आणखी पक्का होतो. तासभर समजावत बसण्यापेक्षा त्याच्या खोलीत दहा मिनिटं आपलं काही काम घेऊन बसा, न बोलता. "चल, फिरून येऊ" याला नकार मिळेल. "मी खाली चालले आहे, पायऱ्यांपर्यंत येतोस?" याला कधीतरी होकार मिळेल. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा आणि एका वेळी जास्त दिवसांचा साठा घरात नको. पण रोज "घेतलीस का?" असं पोलिसासारखं विचारू नका. वेळेला पाण्याच्या पेल्याबरोबर समोर ठेवा. आणि ताई, तुमचीही झोप किती होते ते त्याच वहीत एका रकान्यात लिहा. मी रुग्णाच्या घरच्यांना हे विचारतो, तेव्हा पुष्कळदा तेच आधी रडतात.

आता लगेचचं पाऊल. त्याच डॉक्टरांना फोन करून खरं सांगा: बारा दिवस घेतली, अमुक तारखेला सोडली, मळमळ होत होती, छोटी चालू आहे. मधे खंड पडला आहे, तेव्हा मनाने त्याच मात्रेवर सुरू करू नका. ते कदाचित अर्ध्या गोळीपासून परत चढवतील. डॉक्टर बदलायचे असतील तर खुशाल बदला, पण जुना कागद बरोबर न्या, नाहीतर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात होते. तो येत नाही म्हणाला तर पहिली भेट तुम्हीच एकट्या घ्या. त्यात काही गैर नाही.

आणि भेटीला वडिलांना घेऊन जा. तुम्ही घरी दहा वेळा सांगून जे पटणार नाही, त्यासाठी डॉक्टरांना त्यांच्याशी वेगळी पाच मिनिटं बोलायला सांगा. माझ्यासमोर अशा वडिलांनी पहिल्यांदा विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "माझं काही चुकलं का?" आळस-आळस म्हणून ते जे ओरडत असतात, त्याच्या खाली पुष्कळदा ही भीती असते. त्याचं उत्तर त्यांना डॉक्टरांकडूनच मिळू द्या.